हातभर अक्षर

मुंजाजी आवरगंड.
आडनावच असलं, भिंतीत न आवरणारं.
पहिल्या इलेक्शनला जिनिंगच्या भिंतीवर
'आवर' खिडकीच्या अलीकडं, 'गंड' पलीकडं,
मधल्या खिडकीतून सरकीचा वास.
गेरू गिरणीवाल्याचा, चुना मशिदीच्या कामातला उरलेला,
अक्षर हातभर, ब्रश माझा.
मजुरी पक्ष देणार होता.

तिफण काढायची तर आधी दिंड, मग तीन फण,
नळ्या, वर चाडं.
मी चाडं विसरलो.
सायकल भिंतीला टेकवून मुंजाजी बघत राहिले,
म्हणाले, खाज्या, बी कुठून सोडायचं रे?
त्या साली ते पडले.
माझ्या चाड्यामुळं पडले, असं मी बरीच वर्षं धरून होतो.

दुसऱ्या खेपेला अक्षर दोन हात.
लेव्हीच्या ज्वारीसाठी तहसिलीच्या पायरीवर
नऊ दिवस बसलेला माणूस,
नाव वाचता न येणाऱ्यांनीही
बोटानं तिफण दाखवली एकमेकांना.
निवडून गेल्यावर मुंबईहून कार्ड आलं:
'इथल्या सगळ्या पाट्या मशीनच्या.
तुझा ड बरा.'

दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांची सुकडी
त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधून सभागृहात नेली,
मंत्र्यापुढं ठेवली, म्हणाले, खाऊन दाखवा.
मंत्र्यानं खाल्ली,
वर अजून मागितली, असं विरोधक सांगायचे.
काही का असंना, पुढच्या हप्त्याला
सुकडीत अळ्या निघाल्या नाहीत.
खदानीवरच्या बायांनी तेवढंच ध्यानात ठेवलं.

मग ते वर्ष.
पक्षाचे आमदार सात. पाच गेले. सहावे हे.
तिकडचे कारखान्याचं लायसन देतो म्हणाले होते.
मला कुणी बोलावलं नाही.
जिल्ह्याहून पत्र्याचे साचे आले,
पोरांनी एका रात्रीत साठ गावं फवारली,
सगळीकडं एकसारखं नाव,
कुठंच हात थरथरलेला नाही.
फक्त बोरीच्या सोजरबाईनं भिंत दिली नाही.
'ही भिंत तिफणीची हाय.
तिफण नसल तर गवऱ्यांची.'
आणि थापल्या तिनं, ओळीनं,
बरोब्बर आडनावाच्या लांबीएवढ्या.

निवडून आले. कारखाना आला नाही.
कोनशिला मीच रंगवली होती,
ती आहे अजून, गोखरूत.
शेळ्या राखणारी पोरं तिच्यावर बसून भाकर खातात.

अकरा महिन्यांनी परत आले
तेव्हा पक्षाच्या हापिसात
कुणी बसा म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही.
चहा आला, त्यांच्यापाशी येऊन संपला.

शेवटच्या इलेक्शनला म्हैस विकून
रंग त्यांनी स्वतः आणला,
बादली धरून माझ्या शिडीखाली उभे राहिले.
केवढं काढू, मी विचारलं.
वीतभर पुरे.
चाडं तेवढं विसरू नको.
डिपॉझिट गेलं.

माझे तीनशे चाळीस रुपये अजून पक्षाकडं आहेत.
पक्ष आता कुठं भेटतो, कुणाला ठाऊक.

परवा मात्र ते भेटले, परभणीच्या गाडीत.
माजी आमदाराला एसटीचा पास असतो.
त्या डेपोतल्या गाड्यांची अक्षरं माझीच, ठेक्यानं केलेली,
'आमदारांसाठी राखीव', बोटभर, पिवळी.
त्या अक्षरांखाली एक बाई पोराला पाजत बसलेली.
कंडक्टर तिला उठवायला निघाला.
यांनी त्याचा दंड धरला,
मागं चाकावरच्या सीटकडं सरकत, माझ्याकडं बघत म्हणाले,
राहू द्या हो,
खाज्याचा रंग ओला आहे अजून.

मी शेजारी बसलो.
पैशाचं काढलं नाही.
पास एकट्याचाच असतो,
माझं तिकीट मी घेतलं.